भिजण्याचे अकरा रुपये

त्या जुन्या सिनेमात मी तीनदा मेलो.
एकदा हॉटेलच्या जिन्यावर, एकदा लिफ्टपाशी,
आणि मिशी लावून, टोपी बदलून, पुन्हा जिन्यावरच.
माणसं कमी होती, पूर मोठा होता.
चांदिवलीच्या स्टुडिओत मागच्या अंगाला चार टँकर,
दिवसाचे चाळीस रुपये
आणि भिजण्याचे अकरा वेगळे.

परवा त्याचाच नवा अवतार पाहिला, अंधेरीत.
भाच्यानं तिकीट काढलं; किंमत विचारली तर म्हणाला,
मामा, राहू दे.
साडेतीनशे कोटींचा समुद्र.
वरळीला उठला तो थेट घाटकोपरपर्यंत.
पूल मोडले, पंगतीत पापड मोडावेत तसे,
चाळीस मजली इमारती आडव्या झाल्या,
आणि शेजारचा मुलगा शांतपणे नाचोज खात होता.
त्याला काय बोलणार,
मीही भाच्याच्या पॉपकॉर्नमध्ये हात घातला होता.

तांबटमास्तर आठवले.
त्यांनी अख्खं हॉटेल बनवलं होतं, आठ फुटांचं, प्लायचं,
खिडक्यांना धुतलेल्या एक्स-रेच्या काचा,
म्हणजे कुणाच्या तरी बरगड्या पुसून केलेल्या.
टाकीतली लाट सोडली
आणि एकेक थेंब खिडकीएवढा दिसला.
मास्तर कपाळाला हात लावून बसले:
'सगळं लहान करता येतं रे, पाणी नाही करता येत.'
पिटातली पोरं हसली होती त्या थेंबांना.

नव्यात थेंब अगदी बरोबर आहेत.
कोट्यवधी, आणि प्रत्येक आपापल्या मापाचा.
मी बारकाईनं बघत राहिलो.
घसा मात्र कोरडाच.

मग जिना आला. सावरून बसलो.
जुन्यात इथं फिलोमिना होती, मरोळ गावठाणातली.
कपडेपटातली साडी आखूड, म्हणून आईचं लुगडं नेसून आलेली,
हातात स्वतःचाच डबा, आत खरंच तिचं दुपारचं जेवण.
डायरेक्टर भोंग्यातून ओरडला होता,
मरताना कोणी कॅमेऱ्याकडं बघायचं नाही!
आणि नेमका तिसऱ्या टँकरचा व्हॉल्व्ह निखळला.
पाणी ठरल्यापेक्षा आधी आलं, ठरल्यापेक्षा जास्त.
फिलूनं बघितलं. सरळ कॅमेऱ्यात.
अभिनय कसला, तिला पोहता येत नव्हतं.
फिल्म महाग, दुसरा टेक नाही, तसंच ठेवलं.
दीड सेकंद.
अजून लोक मला विचारतात, ती बाई कोण?
मी तीनदा मेलो ते कुणालाच आठवत नाही.

नव्यात जिन्यावर आठशे माणसं आहेत.
सगळी वाहून जातात, वळणावर थोडी एकमेकांतून आरपारही.
नाकं आहेत, डोळे आहेत, ओल्या पापण्यासुद्धा;
बघत मात्र कोणीच नाही, कुठंच.
सगळं हीरोच बघतो, हेलिकॉप्टरमधून.
त्याचा कुत्रा वाचतो. टाळ्या.

तेवढ्यात खुर्ची हलली, पाठीत गुद्दा बसला,
आणि पुढच्या सीटमधून तोंडावर पाणी उडालं,
फस्स.
गार होतं. फिल्टरचं असावं.

मध्यंतरात चश्मा पुसत काउंटरवर गेलो.
मुलगी हसून म्हणाली, येस सर?
म्हटलं, भिजण्याचे पैसे कुठं मिळतात?
तिनं आधी मॅनेजरकडं बघितलं, मग कॉम्बोच्या यादीत शोधलं.
भाचा माझं कोपर ओढत होता.

रात्री मरोळला फोन लावला.
फिलूला हल्ली कमी ऐकू येतं.
'कसा हाय?'
'पाणी चांगलं आहे!' मी ओरडलो.
'आन् माझ्या जागी कोन?'
सांगितलं, कोणी नाही.
बराच वेळ नुसता तिच्या पंख्याचा आवाज.
मग म्हणाली,
'डबा तरी ठेवलाय का?'