साय

गुरुवारी दुपारी दूध सोसायटीची वही मिटून
मी साखळीहून पणजीची बस धरतो.
मळ्यातल्या एका माडीवर
बेर्नादेत बाई आम्हा नऊ जणांना स्पॅनिश शिकवतात.
आठ जणांना बोटीवर नोकरी हवी आहे.
मला विगोपर्यंत पोचायचंय,
एका चार वर्षांच्या मुलीपाशी.

परवा बाईंनी फळ्यावर लिहिलं:
कुटुंबाचं महत्त्व, पाच वाक्यांत.
पोरांनी लिहूनही टाकलं,
ला फामिलिया एस लो मास इम्पोर्तान्ते.
मी पेन्सिल चावत बसलो.
चौतीस वर्षं लोकांच्या दुधातलं फॅट मोजलं,
पण हे वाक्य आमच्या घरात
कुणी कुणाला म्हटलेलं नाही,
मराठीत नाही, कोकणीत तर नाहीच नाही.
वडील गेले त्या रात्री मोठा भाऊ एवढंच म्हणाला,
‘तू गोठ्याकडे बघ, मी लाकडांचं बघतो.’

शेवटी एकच ओळ झाली:
मी फामिलिया एस पेकेन्या.
माझं कुटुंब लहान आहे.
बरोबर, म्हणाल्या बाई, आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.
मी अजून पहिल्याच शब्दावर.
त्यांच्यात ‘माझं’ म्हणायला ‘मी’ म्हणतात.
विशांत बोटीवर चढला तेव्हा
नेमकं काय कमी झालं,
हे तिकडे कुणाला समजावून सांगावं लागत नसेल.

सुकांतीला घरी येऊन शिकवलं,
‘जेवलीस का?’ कसं विचारायचं:
आस कोमिदो?
ती गॅसपुढे घोकत राहिली, आस, आस.
दुसरा शब्द काही तिच्या जिभेवर बसेना.

मग एका रात्री कोशात ‘साय’ शोधली.
निघालं: नाता.
चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
नाता म्हणजे साय.
आणि इथे तर जो तो सांगत आलाय,
नात म्हणजे दुधावरची साय.
आयुष्यभर खातेवह्या लिहिल्या मी,
दोन टोकांचा हिशेब असा
आपणहून जुळलेला पहिल्यांदाच बघत होतो.

रविवार, रात्रीचे साडेआठ.
तिथे उन्हं अजून खिडकीत.
आल्बा टेबलाशी, पुढ्यात गरम दुधाचा कप.
मी घसा खाकरला.
‘आल्बा, तू एरेस मी नाता.’
तिने माझ्याकडे बघितलं, मग कपात.
नाक मुरडलं.
‘नाता, नो!’
आणि दोन बोटांनी साय उचलून
चिकटवून दिली कपाला, बाहेरून,
कानाच्या अगदी खाली.

सुकांतीने माझा दंड घट्ट धरला.
पेला असो की कप, विशांतचं दूध संपलं की
नेमकी तिथली वाळलेली साय
तिने वर्षानुवर्षं नखाने खरवडली आहे.

मागून विशांत मुलीला रागावला, त्यांच्या भाषेत.
‘तू गप रे,’ म्हणाली सुकांती,
आपल्या.