सदतीस अंशांवर

रावेरला आमची मावा जिलबीची भट्टी.
मावा कधी तांबूस होतो, कधी करपायला येतो,
आप्पांना हे वासावरून कळतं.
मी जळगावात, तिसऱ्या मजल्यावर
तेच काम करते. विस्तवाशिवाय.

अल्ब्युमिन, फ्रुक्टोज,
बुरशी धरू नये म्हणून कणभर अझाइड,
आणि अठ्ठावीस दिवस
अंगाच्या उबेइतकं ऊन.

साखर आधी प्रथिनाला नुसती टेकते,
उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखी, अजून उठून जाऊ शकते.
मग बसते. मग बिऱ्हाड मांडते.
मग दोन शेजाऱ्यांना
एकमेकांशी शिवून टाकते.

डॉक्टर म्हणाले, आप्पा, हात जोडा.
आप्पांना वाटलं, देवाचं काही असेल.
जोडले.
बोटं सरळ होईनात, तळव्यांमध्ये फट राहिली,
खिडकीतलं ऊन त्यातून माझ्या ओढणीवर पडलं.

केळफुलाची लाल पानं, जांभळाच्या बिया,
आणि पालहून गुलसिंग बारेलांनी
एसटीच्या कंडक्टरकडे दिलेलं
बिबळ्याचं लाकूड, वर्तमानपत्रात गुंडाळून.
वाळवलं, कुटलं, गाळलं,
नळ्यांवर पेन्सिलीने आकडे घातले.

अठ्ठाविसाव्या दिवशी दिवा लावला.
साखर चिकटली की अंधारात निळं चमकतं.
केळफुलाची नळी मंद होती. जांभळाची त्याहून थोडी जास्त.
बिबळ्याची
सगळ्यांत लखलखीत.

मी खुर्चीत बसून राहिले.
मॅडम दारातूनच म्हणाल्या,
"नुसत्या पाण्यात टाकून पाहिलंस का ते लाकूड?"

नुसत्या पाण्यातही ते निळंच होतं.
त्याचा स्वतःचा उजेड.
तो वजा केला तेव्हा खाली जे उरलं
ते साखरेच्या नळीच्या निम्म्याहून कमी.
तीनदा वजा केलं. तीनदा तेवढंच.

रात्री फोनवर आप्पा:
"मंग मी पिऊ का ते पाणी?"
नको आप्पा. ही काचेची नळी आहे,
तिला पोट नाही, मूत्रपिंड नाही.
गोळी सोडू नका.

मागे भट्टीचा आवाज येत होता.
मी विचारलं, मावा लाल व्हायला लागला की तुम्ही काय करता?
"लाकूड मागं ओढतो.
झालेला रंग काही परत पांढरा होत नाही, पोरी.
पुढचा थांबतो."
आणि मग, जरा थांबून,
"तू तर लाकूड आत घालू राहिली."

फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं,
जेवलीस का.
नळ्या अजून धुवायच्या होत्या.
दिवा बंद केला.