धूर

केपटाउनचा दाऊद सॅमसोदीन, निवृत्त बंबवाला,
एप्रिलात परसातल्या पत्र्याच्या डब्यात
ओला पाला पेटवतो.
ज्वाळ नको, नुसता धूर हवा;
आयुष्यभर उलटं शिकलेले हात
चाचपडतात.

एरिकाच्या बियांचा ट्रे आत. वरून गोणपाट.
टेबल माउंटनच्या उतारावरचं हे बी
वणवा होऊन गेल्याची खूण पटल्याशिवाय
डोळा उघडत नाही.

कुंपणापलीकडून गदीजा :
"बंब बोलावू का?"
"आलाय तो," दाऊद म्हणतो, खोकतो.

खत घालायचं नाही.
लाडानं मरतात ही.

जूनच्या पावसात केसाएवढं हिरवं काही.
किती उतार विझवले आपण,
तो मोजू लागतो, सोडून देतो,
आणि हेल्मेट उतरवावं तशी
डोक्यावरची लोकरीची टोपी
काढतो.