नरक्या

झाडाला दोन नावं आहेत.
वनखात्याच्या कागदावर अमृता,
बिरू ढेबेच्या तोंडी नरक्या,
कारण फुलला की रान घाण मारतं
आणि साल खरवडली तर तो हात
दोन दिवस ताटाजवळ नेववत नाही.

पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर,
नझमा पिंजारी त्याच झाडाची पिवळट पूड
काट्यावर तोलते. श्वास रोखून.
पंखा बंद. माझी बडबडही बंद.
दोन पोती लाकडातून एवढीच निघाली,
तीही जप्तीच्या मालातून.

पूड हट्टी आहे. पाण्यात विरघळत नाही.
बळेच विरघळवली तर
रक्तात शिरल्या शिरल्या तिची एक कडी उघडते,
आणि उघड्या कडीचं औषध
उघड्या कडीच्या घरासारखं:
जाऊन पाहावं तर आत काही उरलेलं नसतं.

म्हणून आम्ही तिला गुंडाळतो.
थेंब.
थेंब.
चुंबकाची कांडी रात्रभर गरगरते.
सकाळी बाटलीत नुसतं पाणी दिसतं,
उजेडाला धरलं तरच
ताकाचं भांडं विसळल्यावर येते तशी निळसर झाक.

इचलकरंजीहून आईनं विचारलं होतं,
गादी भरतात तसं भरतेस काय गं?
नझमा म्हणाली, तसंच,
फक्त खोळ आणि कापूस एकदमच तयार होतात.
मशीननं आकडा दिला, एकशे अठरा नॅनोमीटर.
तो वहीत. त्याखाली, आईसाठी:
एका केसाच्या रुंदीत सातशे गाद्या.

पुढचं आमच्या हातात नाही.
शिरेत सोडलं की ते निघतं
बाणेरच्या कुठल्याही पार्सलवाल्यासारखं,
आणि गेटवर बसलेलं असतं यकृत.
कुठला फ्लॅट? कुणाचं? ठेवा इथंच.
बहुतेक सगळं त्या केबिनमध्ये पडून राहतं.
गाठीच्या रक्तवाहिन्या मात्र घाईत बांधलेल्या,
प्लास्टर न केलेल्या, फटी राहिलेल्या.
त्या फटींतून थोडं आत झिरपतं.
थोडं म्हणजे, मागच्या खेपेच्या उंदरांत,
शंभरात दीड.

मार्चमध्ये बिरू आला, वेल्ह्याकडून,
खात्याचं पत्र दुधाच्या पिशवीत घालून,
पत्रात लिहिल्याप्रमाणे चार किलो डहाळ्या.
त्याच्या चुलतभावाचा टेम्पो ताम्हिणीत पकडला होता.
किलोला काय मिळायचं ते तो सांगत नाही.
किती झाडं उरली ते सांगतो.
बोटांवर.

बाटली दिली तर त्यानं आधी हुंगली.
‘वास कुटं ग्येला?’
नझमानं दिवे घालवले, जांभळा टॉर्च धरला,
आणि पूड विरघळवलेली दुसरी बाटली
गॅसच्या बर्नरसारखी निळी पेटली.
बिरू बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ‘कुनाला देनार ह्ये?’
उंदरांना.
‘मंग?’
मग परवानग्या. मग आणखी उंदीर. मग वर्षं.
शंभरात दीडचं सांगितलं,
वाटलं, हसेल.
‘पाखरानं खाल्ल्याबगर ह्याची बी रुजत न्हाई,’
डहाळ्यांवरून हात फिरवत तो म्हणाला,
‘आन् पाखरू हगतं कुटं, त्ये काय आपल्या हातात आसतंय?’

तो गेला. लिफ्टमध्ये वास राहिला.
दुसऱ्या दिवशी तिथे टाइप केलेला कागद:
दुर्गंधीयुक्त पदार्थ लिफ्टमधून नेऊ नयेत. हुकुमावरून.
नझमानं पेन काढलं
आणि त्याखाली झाडाचं नाव लिहिलं.
दोन्ही नावं.