उष्टं

पौष. रात्रीचे दोन वाजून एकेचाळीस मिनिटं.
खजुराच्या सोललेल्या मानेशी
कॅमेऱ्याला दिसतो एक पांढुरका चेहरा,
कोल्ह्यासारखा, कान ताठ,
आणि जीभ.
एवढंच. जीभ, आणि बांबूच्या नळीवरून
खाली मडक्यात उतरणारी एक रेघ.

फोटो इद्रिस गाछीच्या हातात देऊन
शाहनाज गप्प उभी राहते.
राजबाडीहून बसने, मग सायकलव्हॅनने, मग बांधावरून पायी
ती आली आहे अकरा पानांची प्रश्नावली घेऊन.
इद्रिस फोटो लांब धरतो, जवळ धरतो.
"ह्याला ओळखतो मी.
ह्याच्या आज्याला माझा बाप ओळखायचा.
नदीपल्याड सावरीची राई होती, तिथं लटकायचे सगळे,
उंबरं खायचे, आमच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत.
राई वीटभट्टीत गेली.
भूक लागली की कुणीही दार ठोठावतंच."

अकरा पानांत राईसाठी रकाना नाही.
ती समासात लिहून ठेवते.

प्रश्न चौदा. ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत
मोमिनने कच्चा रस प्यायला होता का?
होता. थंडीत गाछीचा पोर रस नाही पिणार
तर काय पिणार?
सोबत कोण होतं?
त्याचा दोस्त. तो अजून शाळेत जातो.
कुणी विचारलं तर सांगतो,
माझा पेला लहान होता.

प्रश्न बावीस. शुश्रूषा कोणी केली?
इद्रिस बोलत नाही, बोट दाखवतो:
बांबूच्या बेटाखाली दोन कुंपणं,
एक आखूड, एक लांब.

पोरगा बरळायला लागला तेव्हा
खोदेजाने त्याचं तोंड पदराने पुसलं,
त्याच पदराने स्वतःचे डोळे.
पेज भरवली. चार घोट गेले.
उरलेली टाकवेना, म्हणून
उभ्या उभ्या तिनेच संपवली.

विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत,
वैर तर नाहीच.
तो जिवंत तरी आहे का, यावर
शाहनाजच्या वर्गात तासभर भांडण झालं होतं.
त्याला लागते थोडी ओल,
एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारी,
आणि ती आपण
परक्यांना कुठे देतो?

माझ्या भाषेत यावर एक युक्ती आहे.
पेरू एक आणि पोरं तीन, तेव्हा
फ्रॉकचं टोक मध्ये धरून चावायचं.
चिमणीच्या दाताने.
म्हणजे उष्टं होत नाही. शप्पथ.
शाहनाजला हे ठाऊक नाही,
पण तिने शिकवलंय तेच:
कामट्यांची चटई विणून इद्रिसने
चौतीसही झाडांच्या गळ्यांना गुंडाळली आहे,
नळी झाकून, मडक्याचं तोंड झाकून.
कच्चा रस आता कुणी विकत घेत नाही, तरी.
रात्री नखं खरवडल्याचा आवाज येतो.
मग येत नाही.
तेवढ्यात इद्रिस उठून बसलेला असतो.

निघताना तो पेला भरून पुढे करतो.
"झाकलेल्या झाडाचा आहे."
सत्तावीस गावांत तिने सांगितलंय, नाही म्हणा.
कसं म्हणायचं, ते कधी सांगितलं नाही.
तिची नजर चुलीकडे जाते. त्याला कळतं.
रस पातेल्यात ओततो, काटक्या सारतो,
आणि दोघं बसून राहतात,
फेस वर येईपर्यंत, मग खदखदेपर्यंत,
मग अजून थोडं.

पेला घरात एकच उरलाय.
बाकीची भांडी इस्पितळवाल्यांनी नेली.
इद्रिस फुंकर घालतो, सवयीने आधी स्वतः चाखतो,
गोडी बरोबर आहे अशी मान हलवतो,
आणि तोच पेला तिच्याकडे देतो.

शाहनाज पेला हातात घेते,
जरासा फिरवते,
आणि दुसऱ्या कडेला ओठ लावते.