दोन सूत

परसात बारा बाय दहा.
एका अंगाला शेवगा, दुसऱ्या अंगाला गुलाबची
भांडी घासायची मोरी,
मधे उरते त्या जागेला आजवर नाव नव्हतं.

लेथ रबाळ्यात पडलाय, ताडपत्रीखाली.
बाराशे किलो. कंपनी बंद झाली तेव्हा
माझ्या हिशेबातून त्याचे पैसे वळते करून घेतले.
एकवीस वर्षं त्याच्यापुढे उभा होतो,
हँडव्हीलची उंची कोपराला पाठ आहे.
भंगारवाला दर सोमवारी फोन करतो:
काका, जागेचं भाडं चढतंय.

निकेश म्हणाला, लोखंडी चौकट करा,
वर प्लाय, खाली चार पाय.
उद्या बिल्डर आला
तर नट सोडा, गुंडाळा, चला.
त्याच्या फोनमध्ये चित्रं होती,
बर्फातल्या लाकडी खोल्या, दारात कुत्रा.
मी विचारलं, कट लागला की प्लाय थरथरेल, त्याचं काय?
तो म्हणाला, तुम्ही असं काय कापणार आहात आता?

ह्याचं उत्तर मी दिलं नाही.
फावडं काढलं.

वर भरणीचा मुरूम, पारसिकच्या डोंगराचा,
माझ्या लग्नाच्या वर्षी डंपरनं आलेला.
त्याखाली काळी माती, मग निळसर, हाताला चिकटणारी.
अडीच फुटांवर पाणी.
बोट बुडवून चाखलं. खारट.
खाडी रस्त्याच्या पलीकडे गेली असं गोठिवलीत सगळे म्हणतात.
तिला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

शरणप्पा मिस्त्री काठावर उकिडवा बसला.
अक्कलकोटकडचा. तंबाखू मळत म्हणाला,
नुसता कोबा नको, दिवाळीपर्यंत भेगाळेल.
ह्या मातीत चार कोपरे चार तऱ्हांनी झोपतात.
एकसंध ओता.
खचलंच तर सगळं मिळून खचेल, पाटासारखं.

दगडाचं सोलिंग, चोपणी, प्लास्टिक,
आठ एमएमची जाळी, सहा इंच जाडी,
अकरा गोणी सिमेंट.
गुलाब दारात हात पुसत:
"आनि पावसाचा पानी कुठं जाल? माझ्या चुलीन?"
शरणप्पा म्हणाला, वहिनी बरोबर बोलतात.
मोरीकडे ढाळ देऊ, तीन फुटाला एक सूत.
मी म्हणालो, नाही.
तू सुताचा माणूस, मी शतांश मिलिमीटरचा.
लेथला ढाळ चालत नाही.
मग तिघंही बराच वेळ बोललो नाही.
शेवग्याची फुलं खड्ड्यातल्या पाण्यावर पडत होती.

निकेशला खरं कारण सांगायचं राहिलं.
कंपनीचा फ्लोअर, हिरवा, पिवळ्या पट्ट्यांचा,
तेल सांडलं की आपणच भुसा टाकायचा,
तो ब्रेकर लावून एका आठवड्यात फोडला.
मी बाहेर फाटकाशी चहा पीत ऐकला तो आवाज.
मला असं काही हवं होतं
जे गुंडाळून नेता येणार नाही.
मूर्खपणा असेल. महाग तर आहेच.

शनिवारी ओतलं.
शेवटची घमेली निकेशनं उचलली,
ऑफिसच्या बुटांत, न बोलता.
वाळू देऊ नका, शरणप्पानं बजावलं,
वाळलं की मेलं. सात दिवस पाजत राहा.
गोणपाटांवर पाणी गुलाबच मारते,
पहाटे, मी उठायच्या आत.

आज एक गोणपाट बाजूला सारून
स्पिरिट लेव्हल ठेवली.
बुडबुडा शेवग्याकडे सरकला आणि तिथेच थांबला.
म्हणजे ढाळ मोरीकडे.
त्या दोघांनी मला न विचारता ठरवलेलं दिसतंय.

सहा फुटांचा लेथ, तीन फुटाला एक सूत.
मोरीकडच्या पायाखाली
दोन सुतांची पट्टी लागेल.
ती कापायची म्हणजे करवत आणि कानस,
हातानंच,
लेथ यायच्या आधी.