बाणाच्या टप्प्यावर

न्याचिर्वा आल्या तेव्हा मी घरात नव्हते.
घरात होतं वेझीचं रडणं,
आणि चुलीवर कसाव्याची पेज, बुडाला लागलेली.

मी खाली सरोवराकाठी होते.
उसिपा मासळी वाळवायच्या मांडवांच्या पार पलीकडे,
कानांत बोटं घालून.
एकवीस दिवसांची बाळंतीण.
दूध उतरत नव्हतं, झोप तर नव्हतीच,
आणि नवरा रोज रात्री कंदील घेऊन होडीत.
दुरून ते दिवे सुंदर दिसतात म्हणे.

त्या उतारावरून आल्या, दुखरा गुडघा आधी टेकत.
पाठीवर त्यांच्याच चितेंजेत बांधलेली माझी पोर,
गप्प झालेली.
काही विचारलं नाही.
पाण्यात पाय बुडवून म्हणाल्या,
"या आठवड्यात मासळी चांगली वाळेल. वारा कोरडा आहे."

गुरुवारी मंडळाच्या बैठकीला
मी दाराशीच बसले, चपलांजवळ.
आता सांगतील, वाटलं. सगळ्यांदेखत सांगतील,
आणि वर एखादं वचन ठेवतील, तव्यावर झाकण ठेवावं तसं.

त्यांच्या चष्म्याची काडी तुटलेली, जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली.
"मला दिसत नाही," म्हणाल्या, "तावोंगा, तू वाच."
मी वाचलं.
हागार. रान. रिकामी पखाल.
लेकराला झुडपाखाली टाकून
ती दूर जाऊन बसते, बाणाच्या टप्प्याइतकी दूर.
पुढची ओळ वाचायला मी तोंड उघडलं,
तर त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.
"बास. आज झुडपापर्यंतच.
देवदूत पुढच्या गुरुवारी."

बायका चुळबुळल्या.
देवदूताशिवाय घरी कसं जायचं?

"बाणाचा टप्पा म्हणजे किती गं?"
न्याचिर्वांनी विचारलं, कुणालाच असं नाही.
एक म्हणाली, इथून हातपंपापर्यंत.
दुसरी म्हणाली, छे, पार त्या आंब्यापर्यंत.
मग न्यालुंगू, ज्यांच्या घरात
भांडंसुद्धा कधी उपडं राहत नाही, त्या म्हणाल्या,
"माझा टप्पा कसाव्याच्या शेतापर्यंत होता. अख्खी दुपार.
थोरल्याच्या वेळी."
कुणी दचकलं नाही. कुणी शेंगा सोलत होतं, सोलत राहिलं.
न्यामोने म्हणाल्या, "मी बसथांब्यापर्यंत.
म्झुझूच्या तिकिटाचे पैसे मुठीत.
पोर शेजारणीकडे, आणि शेजारणीला खोटं सांगितलेलं."

मला राहवलं नाही. "मग परत कशा आलात?"

"बस आलीच नाही."
हसल्या तेव्हा त्यांचे तीन दात दिसले, होते तेवढे.
"मी म्हणते, प्रभूनं अडवली.
ही न्याचिर्वा म्हणते, चढावर चिखल होता.
चाळीस वर्षं भांडतोय आम्ही."

न्याचिर्वा भांडल्या नाहीत.
पांढऱ्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाल्या,
"माझं तर झुडूपच राहिलं. लेकरू राहिलं नाही.
दोन वर्षं मी देवाशी बोलले नाही.
इथे येऊन बसायची मात्र. तुम्ही गायच्या,
मी तुमच्या आवाजांना टेकून बसायची, भिंतीला टेकावं तशी."
मग चहा झाला. साखर कमी पडली.
त्यावर जास्त बोलणं झालं.

त्या रात्री त्या माझ्या दाराशी चटई टाकून निजल्या.
कुणी पाठवलं, विचारलं नाही.
मध्येच त्यांचा गुडघा वाजला, वेझी उचलली गेली,
आणि अंधारात त्यांची प्रार्थना ऐकू आली.
प्रार्थना कसली, तक्रारच.
शेजारणीनं नेलेलं पातेलं परत दिलं नाही
की तिच्या अंगणात उभं राहून बोलतात ना, तशी:
हिला दूध हवंय, तुला ठाऊक आहे,
मग उशीर कशाला?

दूध कधी उतरलं ते आज सांगता यायचं नाही.
पुढच्या गुरुवारी देवदूत आला की नाही, तेही आठवत नाही;
बहुतेक कुणाचं तरी बारसं निघालं.

एवढं मात्र पक्कं.
त्या पहाटे सरोवरावरून दिवे परत आले
ते मी पाहिले नाहीत.
झोपले होते.